संग्रह म्हणजे अडगळ नव्हे

‘फोटो काढा, जमलं तर त्रिमितीय स्कॅन करून घ्या, माहिती संगणकावर चढवा आणि जागा मोकळी करा.’ निसर्गेतिहासाच्या संग्रहांबद्दल हा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. देणारी माणसं अडाणी नसतात. त्यांत प्राचार्य असतात, संस्थाचालक असतात, काही तर विज्ञानाचे पदवीधर असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बरण्यांतले बेडूक आणि खणांतले मेलेले पक्षी बघायला आता कुणी येत नाही. ज्या काळात ते गोळा केले, त्या काळी धड कॅमेरे नव्हते म्हणून प्राणी मारून ठेवावे लागले. आज तशी गरज उरलेली नाही. शिवाय हा सगळा प्रकार साहेबाच्या शिकारीच्या हौसेतून आलेला. मग त्याच्यावर जागा, वीज आणि पगार का खर्च करायचा?

हे म्हणणं साफ चुकीचं आहे. मतभेद म्हणून ते सोडूनही देता येत नाही, कारण त्याच्या जोरावर निर्णय होत आहेत आणि हे निर्णय मागे घेता येण्यातले नसतात. इमारत पुन्हा बांधता येते, रद्द केलेलं पद पुन्हा भरता येतं. १८८० साली खानदेशात टिपलेला पक्षी एकदा कचऱ्यात गेला की गेला.

या सल्ल्याच्या मुळाशी एक समजूत आहे. नमुना म्हणजे प्राण्याचं एक जुनं, वेडंवाकडं चित्र. तेव्हा त्याहून चांगलं चित्र मिळालं की जुनं टाकून द्यावं. ही समजूत किती फसवी आहे ते पाहायला फार लांब जायला नको. आपल्या नंदुरबारच्या रानपिंगळ्याची हकिकत पुरेशी आहे.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली या छोट्या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच हे ह्यूम. पक्ष्यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. पुढच्या दहाएक वर्षांत या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने गोळा झाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं खानदेशात मिळवले. १८८४ नंतर पक्षी जो दिसेनासा झाला तो झालाच. सलीम अलींनाही तो सापडला नाही. विसाव्या शतकातली नोंद म्हणावी अशी एकच होती : कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवला, असं त्याच्या नमुन्यावरचं लेबल सांगत होतं. माइनर्टझहागेन म्हणजे पक्षिशास्त्रातलं वजनदार नाव. १९५४ साली त्यानं आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला दिला, त्यात हे घुबडही होतं. साहजिकच ते लेबल प्रमाण मानलं गेलं.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या मार्गदर्शक ग्रंथाचं काम करत होत्या. त्यासाठी जुन्या नोंदी नुसत्या वाचून न थांबता त्यांनी मूळ नमुने हातात घेऊन तपासायला सुरुवात केली. अभ्यासासाठी तयार केलेला पक्षी दिवाणखान्यातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखा फांदीवर ऐटीत बसलेला नसतो. तो खणात उताणा निजवलेला असतो. पंख अंगाशी मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापसाचे बोळे, पाय एकमेकांवर आडवे आणून दोऱ्यानं बांधलेले आणि त्याच दोऱ्याला अडकवलेलं लेबल : गाव, तारीख, नर की मादी, मिळवणाऱ्याचं नाव. कातडी सोलण्याची, कवटी साफ करण्याची, आत कापूस भरण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. सरावलेल्या माणसाला ती हस्ताक्षरासारखी ओळखू येते.

माइनर्टझहागेनच्या घुबडात दोन हात दिसले. पक्षी एकदा भरलेला होता, मग उसवून पुन्हा भरला होता. एक्स-रे काढल्यावर आतून जुनी तऱ्हा बाहेर आली आणि ती तऱ्हा डेव्हिडसन यांची होती. निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरला गेला, पुन्हा भरला गेला आणि खोटं गाव, खोटं साल लावून त्याच संग्रहालयाला परत दान केला गेला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सगळं पुराव्यानिशी प्रसिद्ध केलं. त्याआधी १९९३ सालीच अ‍ॅलन नॉक्स यांनी माइनर्टझहागेनचे दुसऱ्या एका जातीचे नमुने असेच संशयास्पद असल्याचं दाखवून दिलं होतं.

आता सांगा, फोटोनं काय केलं असतं? कितीही चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत घुबड खरंच दिसलं असतं, कारण ते खरंच होतं. लेबलही स्वच्छ वाचता आलं असतं. म्हणजे फोटो काढून नमुना टाकून दिला असता, तर ती लबाडी कायमची सुरक्षित झाली असती. खोटं उघडं पडलं ते आतल्या कापसामुळे, कवटीमुळे, शिवणीमुळे. आणि शेजारच्या खणात डेव्हिडसन यांचे दुसरे पक्षी ताडून बघायला शिल्लक होते म्हणून.

हे छापून येण्याआधीच तपासात मांडवीची नोंद बाद ठरली होती आणि मग उरल्या त्या खऱ्या, जुन्या जागा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या शोधायला निघाले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हाती काही लागलं नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबरला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. गावागावांत दिसणारा साधा पिंगळा आणि हा, दोन्ही आकारानं जवळपास सारखे. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं. चोच दणकट, पाय पिसांनी भरलेले. हा फरक त्यांना जागच्या जागी ओळखता आला, कारण ती डोकी आणि ते पाय त्यांनी खणातून काढून निरखलेले होते. ११३ वर्षांनी पक्षी सापडला. पुढे तोरणमाळला, मेळघाटात आणि २०१४ साली थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. जो पक्षी नामशेष झाला असं वाटत होतं, त्याच्या संरक्षणाचं जे काम आज चालू आहे, त्याची सुरुवात एका खणातून झाली.

कुणी म्हणेल, हा एखादा अपवाद झाला. तसं नाही. याहून सर्वसाधारण, आणि म्हणूनच जास्त महत्त्वाची गोष्ट ही की, नमुना गोळा करणाऱ्याला ज्याची कल्पनाही नव्हती अशा प्रश्नांची उत्तरं तो पुढे देतो. इंग्लंडात पक्ष्यांची अंडी गोळा करण्याची एक खुळी हौस होती. पोरंसोरं आणि श्रीमंत रिकामटेकडे घरट्यांतून अंडी पळवत, बारीक भोक पाडून आतला बलक काढून टाकत आणि टरफलं पेट्यांत मांडून ठेवत. या हौसेचं समर्थन कुणी करणार नाही, मीही करत नाही. पण १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी त्याच पेट्यांतली बहिरी ससाण्याची टरफलं मोजली, तोलली आणि दाखवून दिलं की १९४७च्या सुमारास टरफलं एकाएकी पातळ व्हायला लागली. अंडी आईच्याच वजनाखाली का फुटत होती, हे कोडं त्यातून उलगडलं. बोट डीडीटी या कीटकनाशकाकडे गेलं. अमेरिकेतल्या संग्रहांतही तेच दिसलं आणि १९७२ साली अमेरिकेनं शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली. टरफलाची जाडी फोटोतून मोजता येत नाही. आणि १९६७ साली १९३० सालचं अंडं नव्यानं कुठून आणणार?

आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण ते जतन करणाऱ्यांनाही धडा देतं. २०१७ साली शिकागोतल्या दोन तरुण संशोधकांनी, शेन डुबे आणि कार्ल फुल्डनर यांनी, अमेरिकेतल्या कारखानदारी पट्ट्यातले १,३००हून अधिक पक्षी संग्रहालयांतून तपासले. जुने पक्षी मळकट आणि नवे उजळ का, एवढाच प्रश्न. तो मळ म्हणजे कोळशाचा धूर होता. ज्या वर्षी पक्षी टिपला, त्या वर्षीची हवा त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या पिसांवर बसलेली होती. पक्षी दरवर्षी पिसं टाकतात, त्यामुळे हा हिशेब वर्षागणिक लागतो. अशी १३५ वर्षांची काजळी त्यांनी मोजली. हवेची शास्त्रीय मोजणी सुरूही झाली नव्हती त्या काळातल्या प्रदूषणाचा हा पुरावा. १९३०च्या महामंदीत कारखाने थंडावले, तर पिसंही उजळली. मधल्या काळात एखाद्या कष्टाळू माणसानं ‘किती कळकट झालेत’ म्हणून ते पक्षी धुऊन काढले असते, तर हा सगळा पुरावा मोरीतून वाहून गेला असता.

म्हणून जतन म्हणजे चकाचक करणं, ही समजूतही मोडून काढायला हवी. अजिंठ्यात आपण तिची किंमत मोजली आहे. निजामाच्या राजवटीत १९२०च्या सुमारास इटलीहून नामवंत जतनतज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी सुटणारा रंग धरून ठेवायला चित्रांवर लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता आणि गळणारे कितीतरी भाग त्यांनी वाचवले, हे खरं. पण लाख काळानं पिवळी पडली, तिच्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले. तो थर काढण्याचं काम पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडलं. चांगला जतनतज्ज्ञ कमीत कमी हात लावतो, आणि जे लावतो ते पुढे काढता येईल असंच लावतो.

क्वागाची गोष्ट थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेतला हा अर्धवट पट्ट्यांचा झेब्रा. शेवटचा १८८३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातला जुना क्वागा राइनहोल्ड राऊ यांनी दुरुस्तीसाठी उसवला, तेव्हा कातड्याला आतून वाळलेलं मांस चिकटलेलं निघालं. मूळ कारागिराचं खरवडणं अर्धवट राहिलं होतं. त्या तुकड्यांतून १९८४ साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत डीएनए वाचला गेला. नामशेष प्राण्याचा डीएनए पहिल्यांदा वाचला गेला तो असा. १८८३ साली डीएनए वाचता येईल, अशी कल्पनाही जगात कुणाला नव्हती. आज आपल्याकडच्या बरण्यांत काय आहे, हे २०८३ सालच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळणार आहे. त्याच्या वतीनं बरणी रिकामी करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

स्कॅनचा आग्रह धरणाऱ्यांनी रिओ द जानेरोकडे एकदा नीट पाहावं. २ सप्टेंबर २०१८च्या रात्री ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह. त्यातला बहुतांश एका रात्रीत गेला. आग वातानुकूलन यंत्रापासून लागली, आग विझवणारे पाण्याचे फवारे इमारतीत नव्हते आणि बंबवाल्यांना जवळ पुरेसं पाणी मिळालं नाही. देखभालीच्या पैशाला वर्षानुवर्षं कात्री लागली होती. दुसऱ्याच दिवसापासून तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं : तुमच्याकडे या संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो असतील तर पाठवा. हजारो फोटो आले. त्या फोटोंची किंमत मी कमी लेखत नाही. माणसांना जे हरवलं ते पुन्हा डोळ्यांपुढे आलं, त्याला महत्त्व आहेच. पण जळून गेलेल्या कीटकांतल्या एकाचंही वय, विष किंवा वंश त्यातून कुणाला कधी काढता येणार नाही. आपल्याकडे २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय असंच आगीत गेलं. चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. कॉलेजांच्या इमारतींतल्या जुन्या वायरिंगकडे त्यानंतर तरी कुणी पाहिलं का?

संगणकीकरण मला नको आहे असं नाही, हवंच आहे. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला घरबसल्या लंडनच्या खणातलं लेबल वाचता यावं. पण यादी हे माल शोधण्याचं साधन असतं. यादी झाली म्हणून कुणी माल टाकून देत नाही.

उरला साहेबाच्या बंदुकीचा मुद्दा. तो मी टाळत नाही. ह्यूम आणि डेव्हिडसन यांच्यासारख्या लोकांनी पक्षी मारले, बेसुमार मारले, आणि त्यातले उत्तमातले उत्तम नमुने इंग्लंडला गेले. ह्यूम यांचा संग्रह १८८५ साली लंडनला पोचला. आज सह्याद्रीतल्या एखाद्या पालीची जात ठरवायची तर ज्याच्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना कित्येकदा परदेशात असतो आणि आपल्या पोरांना तिथल्या अभिरक्षकाच्या पत्राची वाट बघत बसावं लागतं. हा अन्यायच आहे. पण त्यावर आपल्याकडे उरलेले नमुने फेकून देणं हा कुठला उपाय? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, ती योग्यच केली. याचा सरळ अर्थ असा की हे नमुने आता पुन्हा मिळणारच नाहीत. प्राण्यांच्या जिवाचं मोल ज्यांना खरोखर वाटतं, त्यांनी तर मारून झालेला एकही प्राणी वाया जाऊ देता कामा नये. त्याच्या देहातून शिकण्यासारखं सगळं शिकून घेणं एवढंच आता आपल्या हातात आहे.

ह्यूम यांच्याच संग्रहाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनला जाण्याआधी त्यातले हजारो पक्षी कसरीनं खाल्ले होते. आणि त्यांच्या ग्रंथाची हस्तलिखितं सिमल्याच्या घरातून नोकरानं रद्दीत विकली. नमुना गेला तर पुरावा जातो, कागद गेला तर त्या पुराव्याचं मूळ जातं. लेबल नसलेला पक्षी जवळपास निरुपयोगी असतो. म्हणून नोंदवह्या नमुन्यांइतक्याच जपाव्या लागतात, आणि आपल्याकडे पहिल्यांदा नोंदवहीच हरवते.

पैशाचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण खरी अडचण तीच असल्याचं सांगितलं जातं. या कामाला लागतं काय? दमट हवेचा बंदोबस्त. मुंबई-कोकणात चार महिने हवेत इतकं पाणी असतं की बंद कपाटातही बुरशी धरते. घट्ट बसणारी दारं, आर्द्रता शोषणारं यंत्र, भिंतीकडेला किड्यांचे चिकट सापळे आणि ते दर पंधरवड्याला तपासणारा माणूस. नवा नमुना आत घेण्याआधी काही दिवस गोठवून ठेवायला एक डीप फ्रीझर, म्हणजे अंड्यांसकट कीड मरते. बरण्यांतलं अल्कोहोल उडतं, ते वेळच्या वेळी भरणं. जुन्या कातड्यांना सोमलाचा साबण चोळलेला असतो, तेव्हा हातमोजे. ही काही उपग्रह सोडण्याची यादी नव्हे. दालनाच्या नूतनीकरणाला, दिव्यांच्या रोषणाईला आणि उद्घाटनाच्या मांडवाला जो खर्च होतो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. खरी टंचाई आहे ती माणसाची. अभिरक्षकाची जागा रिकामी होते आणि रिकामीच राहते. मग संग्रहाची किल्ली एखाद्या शिपायाकडे जाते. तो बिचारा आपल्या परीनं डांबराच्या गोळ्या टाकत राहतो.

महाराष्ट्राजवळ गमावण्यासारखं खूप आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत. सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, पुण्यात आघारकर संस्थेतलं आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण केंद्र. या जागा निदान माहीत तरी आहेत. मला धास्ती वाटते ती जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांची. त्यांच्या प्राणिशास्त्र विभागांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बरण्या आहेत. त्यांत त्या त्या तालुक्यातल्या ओढ्यांतले मासे, खेकडे, बेडूक आहेत. धरणं आणि साखर कारखाने होण्याआधी त्या ओढ्यांत काय होतं, हे सांगणारं दुसरं काहीही आज शिल्लक नाही. अभ्यासक्रमातून विच्छेदन गेलं, ते जायलाच हवं होतं; पण त्याच ओघात ‘आता याचा उपयोग काय’ म्हणून बरण्यांवर गदा आली. एका कॉलेजात मी हे होताना पाहिलं. फॉर्मलीन प्रयोगशाळेमागच्या मोरीत ओतलेलं, मासे घमेल्यात, बरण्या धुऊन भंगारवाल्यासाठी ओळीनं मांडलेल्या. एका बरणीवर लेबल अजून चिकटलेलं होतं. नदीचं नाव वाचता येत होतं, साल पाण्यानं पुसलं गेलं होतं.

यात कुणी नियम मोडला नव्हता. कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. हे नमुने बाकं, पंखे आणि कपाटांबरोबर डेडस्टॉक रजिस्टरात चढवलेले असतात. तिथं त्यांची किंमत बरणीच्या खरेदीइतकी, म्हणजे काही रुपये. समिती बसते, निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, तीन सह्या होतात. त्या तिघांत एकही जण प्राणिशास्त्राचा असायला हवा, अशी अट कुठं नसते. ती घालावी. शास्त्रीय नमुने डेडस्टॉकमधून काढून त्यांची वेगळी नोंदवही करावी. कोणताही नमुना बाद करण्याआधी प्राणी किंवा वनस्पती सर्वेक्षणाला, नाहीतर एखाद्या चालत्या संग्रहाला लेखी कळवावं आणि त्यांना येऊन बघायला तीन महिने द्यावेत. न्यायचं असेल तर नमुना, लेबल आणि नोंदवहीचं पान, तिन्ही एकत्र जावं. विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं तरी हे होईल. त्याला नवा कायदा लागत नाही, आणि पुढच्या मार्चअखेरच्या आवराआवरीआधी ते निघायला हवं.